वाऱ्यापुढे ताठ, भूकंपात लवचीक

उंच इमारतीचं वजन पेलणं हे आरसीसी कन्सल्टंटच्या दृष्टीने तसं सोपं काम. वजन नेहमी खालीच जातं, किती आहे ते आधी मोजता येतं आणि ते एका रात्रीत दुप्पट होत नाही. त्याची झोप उडते ती आडव्या बलांमुळे, म्हणजे वारा आणि भूकंप यांच्यामुळे. त्यात या दोघांच्या मागण्या एकमेकींच्या उलट आहेत. वाऱ्यासाठी इमारत ताठ हवी आणि जड असली तर बरंच. भूकंपासाठी ती हलकी हवी, आणि वेळ आली तर वाकायला तयार हवी. सांगाडा मात्र एकच असतो.

एक इमारत डोळ्यांसमोर ठेवू. परळच्या एखाद्या जुन्या गिरणीच्या जागेवरचा, २०० मीटर उंचीचा, ६० मजल्यांचा टॉवर. लांबी-रुंदी ३० मीटर बाय ३० मीटर. हा टॉवर कल्पनेतला आहे, पण या मापाच्या खऱ्या इमारती मुंबईत आता कमी नाहीत. त्याच भागातला वर्ल्ड वन २८० मीटरपर्यंत गेला आहे. आपल्या टॉवरचं वजन माणसं आणि सामान धरून पाऊण लाख टनांच्या आसपास येईल. पुढचे सगळे हिशेब असेच ढोबळ आहेत.

आधी वारा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात देशभरच्या वाऱ्याचा नकाशा दिला आहे. त्यात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर हा वेग धरलेला आहे, म्हणजे ताशी जवळजवळ १६० किलोमीटर. पुण्यासाठी ३९ मीटर. हा रोजचा वारा नव्हे. मोकळ्या जागेत, जमिनीपासून १० मीटरवर, सरासरी ५० वर्षांतून एकदा येईल अशा तीन सेकंदांच्या झोताचा हा वेग आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ४४ मीटर वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ११८ किलो भार येतो. आपल्या टॉवरची एक बाजू ६,००० चौरस मीटरची आहे. वर जावं तसा वाऱ्याचा वेग वाढत जातो, आणि इमारतीच्या पाठीमागे दाब कमी होऊन तिकडूनही ओढ बसते. सगळं मिळून हे बल हजार टनांच्या पुढे जातं.

हे बल सरासरी शंभर-सव्वाशे मीटर उंचीवर लागतं, त्यामुळे इमारत वाकू पाहते. ज्या बाजूने वारा येतो तिकडचे कॉलम उचलले जाऊ पाहतात, पलीकडचे जास्त दाबले जातात. इथे वजन मदतीला येतं. काँक्रीट दाबाला भक्कम आणि ताणाला दुबळं असतं. पण वरच्या मजल्यांच्या वजनाने कॉलम आधीच दाबलेला असेल, तर वाऱ्याने आणलेला ताण त्या दाबातून वजा होतो आणि काँक्रीटला ताण असा जाणवतच नाही. पाऊण लाख टनांचा टॉवर हजार टनांच्या वाऱ्याने उलटेल ही भीती म्हणूनच फारशी खरी नाही.

खरी अडचण हलण्याची आहे. संकेत असा, की वाऱ्याने इमारतीचा माथा उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकू नये. २०० मीटरला ४० सेंटिमीटर. फूटभराहून जास्त सरकायला मुभा आहे हे ऐकून पहिल्यांदा दचकायला होतं, पण एवढ्याने सांगाड्याला काही होत नाही. होतं ते माणसांना. आपल्या शरीराला सरकलेलं अंतर कळत नाही, वेगात होणारा बदल कळतो. उंच इमारतींसाठी २०१७ साली आलेल्या आयएस १६७०० या मानकात म्हणून राहत्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यासाठी त्वरणाची मर्यादा घातली आहे. ती ०.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीड टक्का. कचेऱ्यांना थोडी सूट आहे, कारण वादळाच्या रात्री तिथे कोणी झोपायला येत नाही. मर्यादेच्या जवळपास गेलं की झुंबर डोलतं, कमोडमधलं पाणी हिंदकळतं आणि काहींना चक्क मळमळतं. इमारत शंभर टक्के सुरक्षित असते. फक्त ‘सी व्ह्यू’साठी कोट्यवधी मोजलेल्या माणसाला ते पटवून देणं अवघड जातं.

यातली न दिसणारी भानगड अशी, की उंच टॉवर वाऱ्याच्या दिशेपेक्षा वाऱ्याला आडवा जास्त हलू शकतो. हवा इमारतीच्या दोन्ही कडांवरून सुटते तेव्हा तिचे भोवरे होतात, आणि ते एकाच वेळी दोन्हीकडून सुटत नाहीत. एक डावीकडून, मग एक उजवीकडून, अशी पाळी लागते. प्रत्येक भोवरा इमारतीला आपल्या बाजूला किंचित ओढतो. ३० मीटर रुंदीच्या चौकोनी टॉवरवर सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा असेल, तर ही डावी-उजवी फेरी साधारण साडेसात सेकंदांनी पुरी होते. आता प्रत्येक इमारतीचा एकदा डोलून परत येण्याचा स्वतःचा एक काळ असतो, त्याला आवर्तनकाळ म्हणतात. दहा मजली इमारतीचा साधारण एक सेकंद, आपल्या टॉवरचा चार-पाच सेकंद. वारा वाढत गेला की भोवऱ्यांची फेरी लवकर-लवकर होऊ लागते, आणि एका वेगाला ती इमारतीच्या आवर्तनकाळाशी जुळते. मग प्रत्येक ओढ आधीच्या डोलण्यात भर घालत जाते. टॉवर जितका उंच आणि सडपातळ, तितकी ही जुळणी कमी वेगाच्या वाऱ्यालाही होऊ शकते.

यावर सगळ्यांत देखणा उपाय दुबईच्या बुर्ज खलिफामध्ये दिसतो. ८२८ मीटरची ही इमारत १५६व्या मजल्यापर्यंत काँक्रीटची आहे, त्यावर पोलादी सुळका. मध्यभागी षटकोनी कोअर आणि त्याला तीन बाजूंनी टेकू देणारे तीन पंख अशी तिची रचना. एकेक पंख निरनिराळ्या उंचीवर आखूड होत जातो, त्यामुळे इमारतीची रुंदी आणि आकार सतत बदलत राहतो. प्रत्येक उंचीवर भोवऱ्यांची लय वेगळी पडते आणि ते एकजुटीने जोर लावू शकत नाहीत. तिचे स्ट्रक्चरल इंजिनिअर बिल बेकर यांनी कॅनडातल्या ग्वेल्फ इथल्या वातबोगद्यात मॉडेलं तपासत तपासत हा आकार ठरवला. पंख कोणत्या क्रमाने आखूड व्हावेत आणि इमारतीचं तोंड कोणत्या दिशेला असावं, हे त्या चाचण्यांनीच सांगितलं. वातबोगद्यात नुसत्या इमारतीचं मॉडेल ठेवून भागत नाही, आजूबाजूच्या इमारतीही ठेवाव्या लागतात. शेजारी उद्या दुसरा टॉवर उभा राहिला तर आपल्या टॉवरवरचा वारा बदलतो, हे मुंबईसारख्या शहरात लक्षात ठेवण्यासारखं आहे. न्यूयॉर्कच्या ४३२ पार्क ॲव्हेन्यू या ४२६ मीटरच्या काँक्रीट इमारतीत वेगळी युक्ती केली: ठरावीक मजल्यांनंतर काही मजले चक्क मोकळे सोडले, वारा आरपार जावा म्हणून.

एवढं करूनही डोलणं उरलंच तर ते शोषून घेणारं काही बसवतात. व्हँकुव्हरच्या ४८ मजली वन वॉल सेंटरच्या माथ्यावर त्यासाठी पाण्याच्या दोन मोठ्या टाक्या आहेत. इमारत एकीकडे गेली की टाकीतलं पाणी मागे राहून उलट दिशेला रेटा देतं. तैपेई १०१ मध्ये हेच काम ६६० टनांचा लोंबकळता पोलादी गोळा करतो, आणि त्याला पाहायला पर्यटक रांगा लावतात.

आता सांगाडा. आपल्या टॉवरच्या मधोमध लिफ्ट, जिने आणि डक्ट यांच्याभोवती काँक्रीटच्या जाड भिंतींची एक उभी पेटी असते. तिला कोअर म्हणतात. आडव्या बलाचा मोठा भाग ही पेटी आणि तिच्या आसपासच्या काँक्रीटच्या भिंती, म्हणजे शिअर वॉल, घेतात. प्रत्येक मजल्यावरचा स्लॅब आपल्या मजल्यावरचं आडवं बल गोळा करून या भिंतींकडे पोचवतो. घरात उभं राहिल्यावर स्लॅब म्हणजे फक्त पायाखालची जमीन वाटते, पण सगळ्या कॉलमना एकत्र हलायला लावणारी तबकडी तीच आहे.

कोअरची अडचण तिच्या रुंदीत आहे. आपला टॉवर ३० मीटर रुंद असला तरी कोअर जेमतेम १२ मीटर. १२ मीटरवर २०० मीटर उभारायचं म्हणजे भलतंच सडपातळ प्रकरण झालं. मग मधल्या एखाद-दोन मजल्यांवर कोअरपासून बाहेरच्या कॉलमपर्यंत मजलाभर उंचीच्या काँक्रीटच्या भिंती किंवा तुळया काढतात. त्यांना आउटरिगर म्हणतात. कोअर वाकू लागली की आउटरिगर एका बाजूच्या कॉलमला खाली दाबतात, दुसऱ्या बाजूच्या कॉलमला वर ओढतात, आणि पूर्ण ३० मीटरची रुंदी कामाला लागते. या भिंती घरात आल्या तर फ्लॅटचा चुराडा होतो, म्हणून बहुधा त्या रेफ्यूज किंवा सर्व्हिस मजल्यावर लपवलेल्या असतात.

दुसरा मार्ग म्हणजे ताकद बाहेरच्या कडेला नेणं. ढाक्यात जन्मलेले इंजिनिअर फझलूर खान यांनी १९६०च्या दशकात शिकागोत ४३ मजली डीविट-चेस्टनट ही काँक्रीट इमारत याच कल्पनेवर उभी केली. बाहेरचे कॉलम अगदी जवळजवळ आणि त्यांना जोडणारे बीम खोल. सगळा बाहेरचा पिंजराच एक पोकळ नळी होऊन वाऱ्याला तोंड देतो. पुढच्या अनेक गगनचुंबी इमारतींची वंशावळ इथे येऊन पोचते.

वाऱ्याचं बल बाहेरून येतं. भूकंपात तसं बाहेरून कोणी ढकलत नाही. जमीन पायाखालून सरकते आणि इमारतीचं वजन जागचं हलायला तयार नसतं. उभ्या प्रवाशाला लोकल सुटताना बसणारा झटका तोच. त्यामुळे भूकंपाचं बल ठरतं ते इमारतीच्या वजनावर. वाऱ्याशी झुंजताना मित्र असलेलं वजन इथे फिरतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत माणसं दगावली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या जड मातीखाली. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा होता. घरांचं वजन मात्र अफाट आणि ते धरून ठेवणारं काहीच नव्हतं.

पण वजनाइतकाच महत्त्वाचा आवर्तनकाळ. भूकंपाचे धक्के बहुतेक वेळा भराभर, सेकंदात अनेकदा हलणारे असतात. चार-पाच सेकंदांनी एकदा डोलणारा टॉवर एका बाजूला जायला लागतो तोवर जमीन परत फिरलेली असते. म्हणून उंच इमारतीला वजनाच्या मानाने भूकंपाचं बल कमी बसतं. बुटकी, कडक इमारत जास्त मार खाते.

मात्र जमीन मऊ असेल तर हा हिशेब फिरतो. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याला ८.० तीव्रतेचा भूकंप झाला. मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पण शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या चिखलमातीवर वसलेला. त्या मातीच्या थराचा स्वतःचा आवर्तनकाळ दोन सेकंदांच्या आसपास आहे. दुरून आलेल्या लाटांमधल्या नेमक्या तेवढ्याच लयीच्या लाटा तिने फुगवल्या. शहरात सर्वांत जास्त पडल्या त्या ६ ते १५ मजल्यांच्या इमारती. त्यांचा मूळ काळ दोन सेकंदांपेक्षा कमीच होता. पण काँक्रीटला तडे गेले की इमारत मऊ होते, मऊ झाली की तिचा काळ वाढतो, आणि या इमारती तडा-तडा करत स्वतःच मातीच्या लयीकडे सरकत गेल्या. बुटकी घरं बरीचशी वाचली आणि ४४ मजली तोरे लातिनोअमेरिकाना तर फारशी इजा न होता उभी राहिली. मुंबईत कुठे चार मीटरवर काळा पाषाण लागतो तर कुठे भराव आणि खाडीचा गाळ खोलवर जातो. मातीचा अहवाल पायाच्या खर्चापुरता नसतो तो यासाठी.

आता आपल्या टॉवरवर भूकंपाचं बल किती धरायचं? भूकंपासाठीच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत मुंबई तिसऱ्या झोनमध्ये आहे. त्या झोनसाठी मानक सांगतं, की सूत्रातून काहीही येवो, वजनाच्या किमान १.१ टक्का आडवं बल धरा. पाऊण लाख टनांचे झाले सव्वाआठशे टन. वाऱ्याचे हजारावर, भूकंपाचे आठशेवर. म्हणजे वाऱ्यासाठी पुरेशी मजबूत इमारत भूकंपालाही पुरेशी झाली, असं वाटतं की नाही? माझ्या मते उंच इमारतींबद्दलचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच.

वाऱ्याचे हजार टन म्हणजे येणारे खरे हजार टन. इमारतीने ते कुठेही न मोडता झेलायचे आणि वारा थांबला की जशीच्या तशी परत यायचं. भूकंपाचे आठशे टन मात्र भागून आलेले आहेत. सूत्रात एक भाजक असतो, साधारण चार किंवा पाच. इमारत न तुटता, न वाकता राहिली तर तिच्यावर जेवढं बल येईल त्याला या भाजकाने भागून डिझाइनचं बल काढतात. म्हणजे मोठा भूकंप आला तर इमारतीवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त बल येणार, हे मान्य करूनच ती बांधलेली असते. पूर्ण बलासाठी बांधायचं म्हटलं तर कॉलम इतके जाड होतील की घर उरणार नाही, आणि तेही कदाचित इमारतीच्या आयुष्यात कधीच न येणाऱ्या तीस-चाळीस सेकंदांसाठी.

ही सूट फुकट मिळत नाही. तिच्या बदल्यात इमारतीने ठरवलेल्या जागी वाकायचं, तडे घ्यायचे, हादऱ्याची ऊर्जा त्या वाकण्यात खर्च करायची, पण वजन सोडायचं नाही. इंजिनिअर याला डक्टिलिटी म्हणतात, आणि ती येते सळईतून. चांगल्या एफई ५०० डी सळईला ओढलं तर ती तुटण्याआधी १६ टक्के तरी लांबावी असा नियम आहे. त्या नावातला ‘डी’ याच गुणासाठी लावलेला असतो. साधं काँक्रीट मात्र ०.३५ टक्के आखडलं की चुरडतं. या दोघांची गाठ अशी घालायची, की सळईला लांबायला वेळ मिळेपर्यंत काँक्रीट टिकून राहील. ती गाठ म्हणजे रिंग.

साइटवर कॉलमचा सांगाडा जवळून पाहिला तर जाड उभ्या सळयांभोवती आठ-दहा मिलीमीटरच्या सळईच्या चौकोनी रिंगा बायंडिंग वायरने बांधलेल्या दिसतात. कॉलम दाबला गेला की आतलं काँक्रीट बाजूंना फुगू पाहतं. रिंगा त्याला आवळून धरतात. आवळलेलं काँक्रीट साध्यापेक्षा कितीतरी पट जास्त आखडून घेऊ शकतं. रिंगचं सगळं मर्म तिच्या टोकांमध्ये आहे. टोकं नुसती काटकोनात वळवली तर ती बाहेरच्या कव्हरमध्ये, म्हणजे रिंगेबाहेरच्या काँक्रीटच्या थरात, पडून राहतात. भूकंपात कव्हर आधी गळतं, आणि ते गळलं की ९० अंशांचा हूक उघडतो, रिंग सैल होते, उभ्या सळया बाहेर फाकतात आणि काँक्रीट पोत्यातून सांडल्यासारखं निघून जातं. म्हणून आयएस १३९२० हे मानक म्हणतं, की हूक १३५ अंश वळवून टोक कॉलमच्या पोटात घाला, आणि कॉलमच्या वरच्या-खालच्या भागात रिंगांमधलं अंतर १०० मिलीमीटरपेक्षा जास्त ठेवू नका. फिटरला हे नकोसं असतं. काटकोनी रिंग पटकन चढते; १३५ अंशाची दाट सळयांमध्ये घालताना बोटं सोलून निघतात. सगळ्यांत त्रासाची जागा म्हणजे बीम आणि कॉलम जिथे मिळतात तो सांधा. तिथे चारी बाजूंच्या बीमच्या सळया आलेल्या असतात, आणि रिंगा ‘राहून जातात’ त्या नेमक्या तिथेच.

रिंगेचा फरक ९ फेब्रुवारी १९७१ला कॅलिफोर्नियात उघड्यावर दिसला. सान फर्नांडोच्या भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू हे नुकतंच बांधून झालेलं हॉस्पिटल फूटभराहून जास्त कललं. त्याच्या खालच्या मजल्यावर दोन जातींचे कॉलम होते. काहींना तुटक रिंगा होत्या, त्यांचा भुगा झाला. काहींना वरपासून खालपर्यंत सलग, दाट वेटोळ्यांची सळई होती. त्यांचं कव्हर गळून पडलं, ते वाकडे झाले, पण आतला गाभा वेटोळ्यात शाबूत राहिला आणि त्यांनी वजन सोडलं नाही. इमारत एक, भूकंप एक.

दुसरी अट, मोडायचंच तर कुठे मोडायचं याची. बीमची टोकं वाकली तर एक मजला खराब होतो. कॉलम गेला तर वरचं सगळं खाली येतं. म्हणून एका सांध्याला मिळणाऱ्या कॉलमची एकूण ताकद बीमच्या ताकदीच्या किमान १.४ पट हवी, असा नियम आहे. बीमला मुद्दाम आधी शरण जायला लावायचं. या विचाराची पद्धतशीर मांडणी रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले यांनी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये, कँटरबरी विद्यापीठात केली. कोअरच्या दोन भिंतींमध्ये, लिफ्ट लॉबीच्या दारांवर जे आखूड आणि खोल बीम असतात, त्यांचं कोडंही पॉलेंनी सोडवलं. १९६४च्या अलास्का भूकंपात अशा बीमवर मजल्यामागून मजल्यावर फुलीसारखे तडे गेले होते. पॉलेंनी सुचवलं, की सळयाही फुलीतच घाला, एका कोपऱ्यातून तिरप्या दुसऱ्या कोपऱ्यात. तडा ज्या वाटेने जाणार ती आधीच सळईने शिवलेली. उंच इमारतीत भूकंपाची बरीच ऊर्जा याच छोट्या बीममध्ये जिरवतात.

या सगळ्या शहाणपणावर पाणी फिरवणारी एक सोय आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, ती म्हणजे स्टिल्ट पार्किंग. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते कडक असतात; तळमजल्यावर नुसते कॉलम. सगळं वाकणं त्या एका मजल्यात साठतं. २६ जानेवारी २००१ला भूजचा भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक इमारती कोसळल्या, आणि त्यांतल्या कितीतरी अशा मोकळ्या तळमजल्याच्या होत्या. पुढच्याच वर्षी आलेल्या आयएस १८९३मध्ये अशा मजल्यावरचे कॉलम अडीच पट बलासाठी डिझाइन करण्याची अट आली. २०१६च्या आवृत्तीत तिथे काँक्रीटच्या भिंती मागितल्या. त्याआधी उभ्या राहिलेल्या हजारो इमारती मात्र तशाच आहेत. पुण्या-ठाण्यातल्या जुन्या पाच-सात मजली सोसायट्यांची मला नव्या टॉवरांपेक्षा जास्त काळजी वाटते.

भिंती किती कामाला येतात याचा दाखला चिलीने दिला. तिथे उंच इमारतीतसुद्धा खोल्यांच्या भिंतीच काँक्रीटच्या घालायची जुनी रीत आहे. २७ फेब्रुवारी २०१०ला ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तरी तिथल्या बहुतेक उंच इमारती उभ्या राहिल्या. पण सगळ्या नाही. कोन्सेप्सिओनमधली आल्तो रिओ ही १५ मजली इमारत आडवी झाली आणि आठ माणसं गेली. इतरही अनेक इमारतींत खालच्या मजल्यांवरच्या भिंतींची टोकं चुरडलेली सापडली. गेल्या काही वर्षांत भिंती पातळ होत गेल्या होत्या, इमारती उंच होत गेल्या होत्या, आणि भिंतीच्या टोकांना, जिथे दाब सर्वांत जास्त येतो तिथे, आवळून धरणाऱ्या रिंगा पुरेशा नव्हत्या.

आणि क्राइस्टचर्च. पार्क-पॉलेंच्याच शहराखाली २२ फेब्रुवारी २०११ला उथळ भूकंप झाला. १८५ माणसं दगावली, त्यांतली ११५ सीटीव्ही या एकाच इमारतीत. नव्या पद्धतीच्या बहुतेक इमारतींनी मात्र ठरल्याप्रमाणे बीमच्या टोकांना तडे घेतले आणि माणसं जिवंत बाहेर आली. त्यानंतर दुरुस्ती करायची की पाडायची, हा हिशेब सुरू झाला आणि मध्यवर्ती भागातल्या निम्म्याहून जास्त बहुमजली काँक्रीट इमारती पाडल्या गेल्या. मानक जिवाची हमी देतं, फ्लॅटची नाही, हे आपल्याकडे विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही. जिथे इमारत दुसऱ्या दिवशीही चालू हवी तिथे वेगळा खर्च करतात; भूजचं नवं हॉस्पिटल शिसं-रबराच्या बेअरिंगवर ठेवलंय, म्हणजे जमीन हलली तरी वरचं कमी हलतं. मुळातच सावकाश डोलणाऱ्या साठ मजली टॉवरला त्या बेअरिंगचा फारसा उपयोग नसतो.

मोठ्या धक्क्यानंतर तपासणीला येणारा इंजिनिअर तड्यांकडे वेगळ्या नजरेने बघतो. विटांची किंवा ब्लॉकची भिंत कॉलमला मिळते तिथली चीर तो नुसती टिपून पुढे जातो. बीमच्या टोकाला उभे बारीक तडे दिसले, तर बीमने नेमून दिलेलं काम केलं असं समजतो. कॉलमवर किंवा शिअर वॉलवर तिरपी फुली दिसली की मात्र थांबतो. कॉलमचं कव्हर सुटून रिंगा उघड्या पडल्या असतील तर बॅटरी मारून त्यांचे हूक बघतो. टोकं अजून आत वळलेली असतील तर टेकू लावून पुढचा विचार करायला वेळ मिळतो. उघडलेली असतील तर तो आधी माणसं बाहेर काढायला सांगतो.